त्रिविक्रमाच्या पावलाखालची पट्टी

दुपारची जेवणं उरकली की देवळात जाऊन भिंत बघून यायची, हा धारशेतात आता घरोघरचा रिवाज झाला होता. पूर्वी माणसं आभाळाकडे बघत, मग हातातल्या फोनकडे बघू लागली, आणि गेली सहा वर्षं भिंतीकडे बघत होती. त्रिविक्रमाच्या सभामंडपाची डावी भिंत पांढरीशुभ्र रंगवलेली. छतातल्या दिव्यातून तिच्यावर उजेड पडे आणि त्या उजेडात हंड्याच्या कड्याची तब्येत दिसे. तीन ठिपके, प्रत्येक ठिपक्यातून वर-खाली निघालेली एकेक उभी पट्टी, आणि सगळ्यांच्या वर एक लाल रेघ. बायका ओले पाय पोत्याला पुसत, देवाला हात जोडत, मान वळवून भिंतीकडे नजर टाकत आणि म्हणत, "हिरवं आहे गं बाई." मग घरी जाऊन निवांत डोळा लावत.

कडा गावाच्या डोक्यावर होता, अगदी डोक्यावर. त्याच्या पोटात केसाइतक्या बारीक काचेच्या तारा पुरल्या होत्या. लोक त्यांना कानतंतू म्हणत. डोंगर सूतभर जरी हलला तरी तारेतला उजेड थरथरे, आणि 'राखण' नावाची संगणकप्रणाली तासातासाला ती थरथर मोजून भिंतीवर मांडे. राखणीला झोप नव्हती, रजा नव्हती आणि तिच्याशी वादही घालता येत नव्हता.

श्रावणातला कीर्तनसप्ताह चालू होता. पाऊस सुरू झाला तो थांबायचं नावच घेत नव्हता. कडा धुक्यात दिसेनासा झाला होता, पण आहे हे कळत होतं. खोलीत कोणीतरी मागे उभं असलं की जसं कळतं, तसं.

जिल्ह्याच्या कचेरीतून मैथिली सागवेकर आली होती ती राखणीची नवी आवृत्ती चढवायला. तिचा हुद्दा आलेखकाचा, म्हणजे आकड्यांची चित्रं काढण्याचा. काम तासाभराचं. ते उरकायचं, चार वाजताचं त्र्यंबकबुवा फणसळकरांचं कीर्तन ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने घाट उतरायचा, असा तिचा बेत होता. बुवांचं कीर्तन फुकट ऐकायला मिळणार म्हणून तर हे लांबचं काम तिने हौसेने मागून घेतलं होतं.

भिंतीशी चटई टाकून, मांडीवर संगणकाची पाटी घेऊन ती जुन्या सूचना वाचत होती. आजकाल सगळं मराठीत असतं, त्यामुळे वाचताना अडखळायला होत नाही. पण एका ओळीशी ती अडखळली. 'ठिपके: मोजपट्टीप्रमाणे.' त्याखाली, 'पट्ट्या: चौकटीत बसवा.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग मान वर करून भिंत पाहिली.

सतरंज्या अंथरून घेणारे सरपंच भार्गवदादा खामकर जवळच होते. सप्ताहाचा म्हणून डोक्याला भगवा फेटा, आणि तोंडाने अखंड सूचना.

"दादा, ह्या पट्ट्या चौकटीत कोणी बसवायला सांगितल्या?"

"मीच की!" दादा खुशीत म्हणाले. "भिंत बसवली त्या वर्षी ती मधली पट्टी एकदा तरतर वर गेली नि देवाच्या तळपायाला लागली. बघा ना, पाऊल उचललेलं आहे."

मैथिलीने पाहिलं. भिंतीच्या वरच्या अंगाला जुनं रंगचित्र होतं. बटूचा विराट झालेला त्रिविक्रम, एक पाय आभाळात. त्या उचललेल्या तळव्याच्या बरोबर खाली लाल रेघ आखलेली.

"खालून काठी टोचल्यासारखं दिसत होतं हो. बायकांनी हाय खाल्ली. तुमच्यातला आधीचा तो मुलगा भला. म्हणाला, दादा, त्याला एक बटण आहे. दाबलं. पट्टी गुमान पावलाखाली आली. तेव्हापासून तक्रार नाही."

"पण दादा, पावलाखाली म्हणजे रेघेच्याही खाली."

"तर! म्हणून तर कायम हिरवं."

हे त्यांनी इतक्या निष्पापपणे सांगितलं की मैथिलीला रागवताही येईना.

"ठिपका म्हणजे सरासरी," ती सावकाश म्हणाली. "कडा कधी पुढे झुकतो, कधी मागे बसतो. पुढचं-मागचं वजा होऊन उरतं ते ठिपक्यात येतं. आणि तो सरासरीपासून किती भटकतो, ते पट्टी सांगते. त्याला प्रमाण विचलन म्हणतात. ह्या भिंतीवर एक हात म्हणजे एक मिलिमीटर. ठिपका त्या मापाने काढलाय. पट्ट्या मात्र दाबून, घडी घालून मावतील तशा बसवल्यात. ठिपक्याला एक माप, पट्टीला दुसरं."

"मग सहा वर्षं काही झालं कसं नाही?"

"त्या एका वेळेनंतर कडा शहाण्यासारखा उभा होता. पट्टी दाबली काय, न दाबली काय, फरक थोडा होता. ह्या आठवड्यातले आकडे मी आत्ता कागदावर मांडले. मधल्या ठिपक्याची सरासरी तीनच हात आहे. पण पट्टी..." तिने कागद त्यांच्यापुढे धरला. "पट्टीचं टोक चाळीस हातांवर आहे, दादा. लाल रेघ सातावर."

दादांचा हात फेट्याकडे गेला. "मग काढा ना खरी! भिंतीवर दिसली की गाव निघेल. आम्हाला काय इथं मरायची हौस आहे?"

"तिथंच तर अडलंय," मैथिली म्हणाली.

भिंत बसवल्यावर वर्षभराने शेजारच्या घाटात एक भरलेली बस रस्त्यासकट दरीत गेली होती. त्यानंतर नियम झाला. पट्टी लाल रेघेच्या जवळ, पिवळ्यात आली की माणसांनी घाट उतरायचा. लाल रेघेला लागली की घाटाच्या तोंडाशी असलेलं पोलादी दार राखणीने त्याच क्षणी बंद करायचं, वरचा माणूस खाली नाही, खालचा वर नाही. आणि त्याच क्षणी ओढ्याकाठच्या खालच्या वाड्यांचे भोंगे वाजवायचे. वर उरलेल्यांनी शाळेच्या पक्क्या इमारतीत थांबायचं. नियम विचार करूनच केला होता. हिरव्यातून लालात जाताना वाटेत पिवळं लागतंच, एवढं त्यात गृहीत धरलेलं.

"तुमचं पिवळं देवाच्या पावलाखाली दबून गेलं," मैथिली म्हणाली. "मी माप खरं केलं की भिंत हिरव्याची थेट लाल होणार. तुम्ही चपला शोधेपर्यंत दार लागलेलं असेल. आणि शाळा त्या मधल्या ठिपक्याच्या नेमकी खाली आहे."

"मग तुमच्या ह्या पाटीवर दाखवा. भिंतीवर नको."

"ह्या प्रणालीत कुठेही आलेख काढला तरी तो राखणीला दिसतो. कोणी लपवू नये म्हणून मुद्दाम तसं केलंय."

दादा सतरंजीवर बसले.

मैथिलीने वरिष्ठांना फोन लावला. साहेब भले गृहस्थ, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दार हाताने उघडं ठेवायचं तर समितीचा ठराव लागतो, म्हणाले. उद्या सकाळी बैठक लावतो.

"मी आजच लोकांना उतरायला सांगू का, सर?"

"तोंडी कसं सांगाल? भिंतीवर दिसल्याशिवाय आदेश निघत नाही."

"आणि भिंतीवर दिसलं की दार लागतं."

"हो," साहेब म्हणाले. "म्हणूनच उद्या सकाळी."

तरी तिने सांगून पाहिलं. पायरीशी फुलं निवडणाऱ्या बायकांना सांगितलं, पारावरच्या पुरुषांना सांगितलं. सुगंधावहिनी म्हणून एक धिप्पाड बाई होत्या, त्यांचं घर देवळाच्या अंगणाला लागूनच. त्या हसल्या. "अहो ताई, मागे एक साहेब असेच घाबरवून घेऊन गेले आम्हाला. पंधरा दिवस परक्या शाळेत काढले. परत आलो तर माझी पाडी दावणीला मेलेली. तेव्हाच ठरवलं, आता भिंत सांगेल तेव्हाच हलायचं. भिंत खोटं बोलत नाही."

"भिंतीला खोटं बोलायला लावलंय, वहिनी."

"कोणी? भार्गवभाऊजींनी?" सगळ्या खळखळून हसल्या. "त्यांना रेडिओ लावता येत नाही!"

दादा खाली मान घालून म्हणाले, "मला पटलंय म्हणा. पण मी सांगून कोण ऐकणार? भिंतीकडे बघायला त्यांना मीच शिकवलं."

मैथिली मंडपात परत आली. पुढे कडा, मागे दरी, मधे एकच रस्ता आणि त्या रस्त्याला एकच दार. खरं बोललं की दार बंद, खोटं राहिलं की डोंगर डोक्यावर. तिच्या बोटाखाली एक ओळ होती, 'चौकटीत बसवा'. ती खोडायला पळभर पुरे होता. आणि तो पळच ह्या माणसांचा घास घेणार होता. तिला वाटलं, चौकटीत पट्टी नाही, आपणच बसलोय.

मंडपाच्या कोपऱ्यात तानू गुरव नगारखान्यातल्या दिव्यासाठी तेलाचं भांडं भरत होता. घाटाने येणाऱ्याला गाव कळावं म्हणून नगारखान्याच्या खिडकीत, काचेआड, एक मोठा दिवा रात्रंदिवस तेवत ठेवायची धारशेतची जुनी चाल. तानूला ऐकू कमी यायचं. त्याने मैथिलीचा चेहरा पाहिला आणि उगाच मोठ्याने म्हणाला, "काळजी नको हो, बाय. राखण काय, नवी आली. आम्ही दोघं जुने राखणदार. एक तो गाभाऱ्यातला, नि एक मी."

देवळामागच्या ओवरीत बुवा सुंठीचा चहा घेत होते. किडकिडीत देह, गळ्यात उपरणं, डोळे मिस्कील. शेजारी त्यांचा तबलजी दिगंबर तबल्याला हातोडी लावत होता.

"या," बुवा म्हणाले. "तोंड का असं झालंय? माझं कीर्तन अजून सुरू व्हायचंय."

मैथिलीला हसू आलं नाही, रडू आलं. मग तिने सगळं सांगितलं. बुवांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "सरासरी म्हणजे सगळे ठोके मिळून लय बरोबर निघते, ते का? आणि विचलन म्हणजे प्रत्येक ठोका किती ढळला, ते?"

"अगदी तेच."

"काय रे दिगू, म्हणजे तुझ्यासारखं!"

"बुवा, पाहुण्यांसमोर तरी..." दिगंबर पुटपुटला.

बुवा मात्र एकदम गंभीर झाले होते. "पोरी, ती पट्टी तुझ्या यंत्राबाहेर काढली तर यंत्राला कळेल?"

"यंत्राबाहेर कुठे काढणार?"

बुवांनी खांद्यावरचं उपरणं चाचपलं. "चाळीस हात म्हणालीस ना? तुझ्या हिशोबाची खात्री आहे?"

"आहे."

"मग पुढचं त्याच्यावर सोड," ते वर बोट दाखवत म्हणाले, "आणि थोडं माझ्यावर."

चारला कीर्तन उभं राहिलं. मंडप भरला. नमन झालं, नामाचा गजर झाला. बुवांनी झांज उचलली आणि स्वतःचंच एक पद लावलं:

"माझिया मापाने मोजिले मी तुज । उरे तुझे गुज बाहेरीच ॥"

आवाज साठीतला, पण स्वर असा लागला की पावसाचा आवाजही क्षणभर मागे सरल्यासारखा वाटला. मैथिली खांबाला टेकून बसली होती. एरवी ती अशा वेळी डोळे मिटून घ्यायची. आज ती सारखी भिंतीकडे बघत होती. तीन ठिपके. तीन आखूड, सभ्य पट्ट्या.

"मंडळी," बुवा निरूपणाला लागले, "आमचा दिगू फार गुणी. घड्याळ लावून मोजा, ह्याची लय बरोब्बर निघते. दिगू, धर बाबा केरवा. धरला? आता तुझ्या सासुरवाडीला वाजवतोस तसा वाजव."

हशा पिकला. दिगंबरने वाजवायला घेतलं. एक ठोका आधी, एक उशिरा. दोन घाईत, मग एक इतका लांबवलेला की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. बुवा त्याच्यावर तेच पद म्हणू लागले आणि शब्दागणिक ठेचाळू लागले. लोक आधी हसले, मग चुळबुळले. सुगंधावहिनी म्हणाल्या, "पुरे हो, मळमळायला लागलं."

"का हो वहिनी? सम तर बरोबर येतेय. सरासरी काढली तर तक्रारीला जागा नाही."

"सरासरी काय चाटायची आहे? चालतोय कसा झोकांड्या खात!"

बुवांनी हात वर केला. तबला थांबला. त्या शांततेत पन्हळीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

"हंड्याचा कडा आज असा चालतोय," बुवा म्हणाले. "ठिपका बघाल तर समेवर. पण झोकांड्या खातोय. किती, ते ती पट्टी सांगते. आणि ती पट्टी, मंडळी, आपण दाबून ठेवली. देवाच्या पावलाला लागू नये म्हणून. भक्तीनंच केलं. त्यात पाप नाही. पण आपला देव कोण? त्रिविक्रम. बळीनं विचारलं, बटू, किती जागा देऊ? तीन पावलं, म्हणाला. बळी हसला. त्याला ते चिमुकलं पाऊल दिसत होतं ना, त्याच्या मापात बसणारं! पुढे काय झालं ते पोरासोरांना ठाऊक आहे. ज्याचं पाऊल त्रैलोक्यात मावलं नाही, त्याला आपण सहा वर्षं सांगतोय, देवा, जरा ह्या चौकटीत पाय आवरून उभा राहा."



"ही पोर सांगते, खरी पट्टी चाळीस हातांवर जाते. भिंत ते दाखवू शकत नाही, दाखवलं की दार लागेल. म्हणून आपण दाखवू. भिंत आडवी पाडली समजा. हा तिचा पाया." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, भिंतीच्या बुडाशी त्याचं टोक धरलं आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत जमिनीवर उलगडायला सुरुवात केली. "एक... दोन... तीन..."

पाचाला उपरणं संपलं. बुवांनी मान वर केली. "पुढे?"

मग भार्गवदादा उठले. सप्ताहात सरपंचाने फेटा उतरवायचा नसतो, देव परत पालखीत बसेपर्यंत तो डोक्यावर राहतो. दादांनी तो उतरवला. घामेजलेलं टक्कल उघडं पडलं, आणि नेहमी टोमणे मारणाऱ्या बायकांतही कोणी हसलं नाही. फेट्याचं टोक उपरण्याला बांधून, गुडघ्यांवर सरकत, ते स्वतः हात मोजू लागले.

"सात," दादा म्हणाले. "ही आपली लाल रेघ, पाहून घ्या." आणि पुढे सरकले. माणसं पाय आखडून वाट देत होती. दहा. पंधरा. मंडपाचा उंबरठा आला. त्या भगव्या कापडाने उंबरठा ओलांडला. दादांचा फेटा संपला तिथे दिगंबरने आपला बांधला. पायऱ्या. अंगण. पाऊस कापडावर पडू लागला तसा त्याचा भगवा रंग गडद होत गेला. लोक उठून मागोमाग निघाले होते, आधी दारापर्यंत, मग नकळत पावसात. तीस. पस्तीस. दीपमाळ मागे पडली.

"चाळीस," दादा म्हणाले आणि तिथेच चिखलात बसून राहिले.

फेट्याचं टोक सुगंधावहिनींच्या दाराच्या पायरीवर होतं.

वहिनींनी ते टोक पाहिलं. मग ते जिथून आलं तिकडे, अंगण, पायऱ्या, उंबरठा, पार आतल्या पांढऱ्या भिंतीपर्यंत नजर नेली. "एवढं?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "भिंतीवरचं ते चिमूटभर, ते एवढं?"

"एवढं, वहिनी," मैथिली म्हणाली.

वहिनी वळल्या आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "बघत काय राहिलात? गुरं सोडा! ह्या वेळी कोणाची पाडी दावणीला मरायला नको!"

मग गाव हललं. विजेचे टेम्पो निघाले, सप्ताहाची गाडी निघाली, गुरं मोकळी सुटून आपल्या बुद्धीने उताराला लागली. पेटीवाला पेटी छातीशी धरून धावत होता. राखणीला ती कापडाची पट्टी दिसली नव्हती. भिंत रिकाम्या मंडपात हिरवीच होती.

घाटाच्या तोंडाशी शेवटचा टेम्पो पोचला तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. पोलादी दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या, मधे जमिनीवर पिवळा पट्टा. धारशेत सगळं दार ओलांडून, पट्ट्याच्या खालच्या बाजूला चिखलात उभं होतं, ओलं, दमलेलं, एकमेकांना हाका मारत. आता मैथिलीचं काम उरलं होतं, ती एक ओळ खोडायची. माप खरं होणार, दार लागणार आणि खालच्या वाड्यांचे भोंगे वाजणार.

"फोन केले मी खाली," दादा म्हणाले. "म्हणतात, भोंगा वाजू दे मग बघू. आता त्यांना काय बोलू? आम्ही तरी हललो असतो का?"

मैथिलीने पाटी उघडली. दार आपणहून लागणार होतं, म्हणून वर कोणी उरलंय का ते आधी राखणीला विचारायला हवं होतं. तिने विचारलं. रस्त्यावरून उतरलेली वजनं, फोनच्या खुणा, घरांतली ऊब, सगळं जमेला धरून राखणीने आपल्या सपाट आवाजात उत्तर दिलं:

"धारशेतात उरलेल्या व्यक्ती: शून्य. विचलन: अधिक-उणे एक."

"उणे एक?" दिगंबर म्हणाला. "म्हणजे कोणी जास्तीचा उतरला की काय?" दोघं-तिघं हसले. दिवसभराचं दडपण होतं ते, हसायला काहीही पुरलं असतं.

मैथिली हसली नाही. "तानू गुरव कुठे आहेत?" तिने विचारलं.

"पहिल्या टेम्पोत."

"नाही हो, पहिल्यात मी होते. तो सप्ताहाच्या गाडीत चढला."

"गाडीत? आम्हाला वाटलं टेम्पोत."

हाका मारल्या. ऐकू कमी यायचं त्याला, म्हणून गर्दीत शिरून खांदे धरधरून चेहरे पाहिले. अंधार पडत होता, सगळ्यांनी डोक्यावर इरली आणि प्लास्टिकं घेतलेली. वाटेत गुरांबरोबर खालच्या वळणावरून पुढे गेला असेल, असं एक जण म्हणाला. असेलही. बरेच जण तसे गेले होते.

"शून्य म्हणतेय ना ती?" दादा कळवळून म्हणाले. "खाली वाड्यांत लेकरं आहेत हो. दाबा, ताई."

मैथिलीचं बोट त्या ओळीवर होतं. शून्य हा ठिपका होता. ठिपक्यावर विसंबू नका, हे तिने आजच साऱ्या गावाला सांगितलं होतं, आणि गाव घरदार सोडून तिच्या शब्दावर पावसात उभं होतं. पट्टी त्यांच्या बाजूची असली की खरी, आणि एका बहिऱ्या म्हाताऱ्याची असली की दाबून टाकायची? मग आधीच्या त्या मुलाने दुसरं काय केलं होतं?

तिने पाटी दादांच्या हातात दिली.

"ही ओळ. बोट ठेवलं की माप खरं होतं. कडा गडगडलेला ऐकू आला, की माझी वाट न बघता दाबायचं. नाही ऐकू आला, तर मी परत येईपर्यंत थांबायचं. पण फार नाही थांबायचं, दादा. किती ते तुम्हीच ठरवा."

"मी?" दादांनी पाटी छातीशी धरली. उघड्या डोक्यावरून पाणी ओघळत होतं. "ताई, अहो, आणि तुम्ही?"

"मी त्या अधिक-उणे एकाच्या पट्टीत जाते," ती म्हणाली.

बुवा पुढे झाले. मी येतो म्हणतील म्हणून तिने आधीच मान हलवली. त्यांनी तिचा हात एकदा घट्ट धरला आणि सोडला. मग गळ्यातली झांज काढून गावाकडे तोंड केलं. "मंडळी, त्याला ऐकू येत नाही, तरी हिला येतं. हिला माघारी यायची दिशा कळली पाहिजे. घ्या नाम. आणि मी सांगेपर्यंत थांबू नका."

गजर उठला. घाटात तो आदळून दुप्पट झाला. मैथिली पिवळा पट्टा ओलांडून वर चालू लागली. पायाखालचा रस्ता पाण्याचा होता, दोन्ही बाजूंना धुकं, आणि कड्याकडून मधूनच एक बारीक, कुरकुरल्यासारखा आवाज येत होता. लय नव्हती त्याला. ती मनात मोजायला लागली आणि मोजता येईना.

वळणावर येताच धुकं थोडं फाटलं. वर, खूप वर, नगारखान्याच्या खिडकीतला दिवा दिसला. दुपारी भरलेलं तेल सरत आलं असावं, ज्योत अगदी बारीक झाली होती. मैथिली क्षणभर थांबली. खालून नामाचा गजर येत होता.

तिच्या डोळ्यांदेखत ज्योत एकदम उंच झाली आणि स्थिर तेवू लागली. काचेआड वारा लागत नाही; कोणीतरी वात पुढे सारली होती. तानू गुरव, की तो दुसरा राखणदार?